रुपेरी कणांची साक्ष

फिल्मवर टिपलेली प्रतिमा म्हणजे खरी प्रतिमा, हे समीकरण हल्ली इतके रूढ झाले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. प्रेक्षकाला चहूबाजूंनी वेढणारी चित्रपट-मांडणी आणि तिच्याच पोटात अ‍ॅनालॉग छायाचित्रांचे दालन, असा संयोग घडला की या समीकरणाला प्रमाणपत्रच मिळते. या प्रमाणपत्राविषयी आमचा मतभेद आहे.

इल्या ख्र्झानोव्स्की यांचा 'दाउ' हा प्रकल्प पाहावा. १९६२ साली नोबेल मिळवणारे भौतिकशास्त्रज्ञ लेव्ह लान्दाउ यांच्यावरील चित्रपट म्हणून तो सुरू झाला. पुढे युक्रेनमधील खार्किव्ह येथे सोव्हिएत काळातील एक अख्खी 'संस्था'च उभारली गेली. २०११ पर्यंत बहुतांशी अव्यावसायिक माणसे त्या काळच्या वेशात तेथे वावरली, आणि ३५ मिलिमीटर फिल्मवर सुमारे ७०० तासांचे चित्रण झाले. २०१९ साली पॅरिसमध्ये, नूतनीकरणासाठी बंद असलेल्या दोन नाट्यगृहांत ते मांडले गेले तेव्हा प्रेक्षकाला तिकिटाऐवजी 'व्हिसा' मिळे आणि दूरध्वनी बाहेर ठेवावा लागे.

छायालेखक युर्गेन युर्गेस यांना २०२० च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले ते 'दाउ. नताशा'साठी. त्यांच्या कौशल्याबद्दल आमचा वाद नाही. वाद आहे तो त्या कौशल्याकडून काय वदवून घेतले जाते याबद्दल. या चित्रपटात नताशाची चौकशी करणारा गृहस्थ प्रत्यक्षातही माजी सोव्हिएत सुरक्षा अधिकारी होता, आणि त्या प्रसंगातील लैंगिक छळावरून महोत्सवातच वादळ उठले. सर्व काही संमतीने घडले, असे निर्मात्यांनी सांगितले. नताशाची भूमिका करणाऱ्या स्त्रीनेही तसेच म्हटले. ते खरे मानले तरी प्रश्न उरतो. फिल्मवरील रुपेरी कण एवढेच सांगतात की भिंगासमोर कोणीतरी होते आणि त्याच्यावरून परतलेला प्रकाश येथे पोहोचला. ते माणूस तेथे कोणत्या अटींवर उभे होते, हे कण सांगत नाहीत.

कलेला नीतीची फूटपट्टी लावू नये, असा आक्षेप येईल. पण येथे फूटपट्टी प्रथम आणली ती निर्मात्यांनीच. खरी फिल्म, खरा अधिकारी, खरे अश्रू, असे म्हणून जो वास्तवाचे भांडवल करतो, त्याला वास्तवाचे प्रश्न टाळता येत नाहीत.

'अनुभवाचा अस्सलपणा' हा आपल्या मराठी समीक्षेचाही जुना, लाडका निकष. तो वर्गात शिकवताना आम्हीही पुष्कळदा एवढ्यावरच थांबलो, हे कबूल केले पाहिजे. अनुभव अस्सल आहे काय, याइतकेच तो कोणाच्या जिवावर अस्सल झाला, हेही विचारायला हवे.

म्हणूनच वेढून टाकणाऱ्या मांडणीत छायाचित्रांचे दालन असावे, पण ते वेढा सैल करण्यासाठी असावे. स्थिर चित्रासमोरच प्रेक्षकाला एक पाऊल मागे घेता येते. त्या चित्राखाली साल, स्थळ आणि चित्रणाच्या अटी लिहिलेल्या असाव्यात. ज्या दालनात तेवढेही लिहिलेले नसेल, तेथील कृष्णधवल सौंदर्याला आम्ही सजावट म्हणू. साक्ष म्हणणार नाही.