तळे राखीव, पण भरतीचे काय?

१९२७ साली महाडला माणसांना पाण्यापर्यंत जाऊ दिले जात नव्हते. नवी मुंबईत पाण्यालाच तळ्यापर्यंत जाऊ दिले गेले नाही. या दोन गोष्टींची बरोबरी आम्ही करीत नाही. पण पाण्यावर हुकूमत कोणाची, हा प्रश्न दोन्हीकडे आहे.

नेरूळचा डीपीएस तलाव सुमारे ३० एकरांचा. खाडीची भरती आत येते तेव्हाच तो जगतो. भरतीबरोबर ताजे खारे पाणी, प्राणवायू आणि रोहित पक्ष्यांचे म्हणजे फ्लेमिंगोंचे खाद्य येते. जेट्टीच्या रस्त्याच्या कामात पाण्याच्या वाटा बुजल्या, अशी पर्यावरण कार्यकर्त्यांची तक्रार होती. २०२४ च्या उन्हाळ्यात तळे कोरडे पडले आणि परिसरात फ्लेमिंगो मृत व जखमी आढळले. तेव्हा कुठे शासनाला जाग आली! समिती नेमली गेली, प्रवाह मोकळा करण्याची शिफारस झाली. एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तलाव 'संवर्धन राखीव' करण्यास मंजुरी दिली.

या निर्णयाचे आम्ही स्वागत करतो. पण कागदावरच्या शिक्क्याने भरती येत नाही. शिवाय नुसती वाट उघडूनही भागणार नाही. ठाणे खाडीत कारखान्यांचे रसायन आणि शहराचे मैलापाणी सोडले जात असेल, तर भरती तेच तळ्यात आणून ओतणार. खाडी नासली की कोळी बांधवांचे जाळे रिकामे येते. पाण्याच्या वाटा तुंबल्या की पावसाळ्यात सखल भागातील झोपडी आधी बुडते. म्हणून हा केवळ पक्षीप्रेमींचा प्रश्न नाही.

कायदा काय म्हणतो? वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३६-अ नुसार संवर्धन राखीव जाहीर करण्यापूर्वी स्थानिक समुदायांशी विचारविनिमय व्हायला हवा. कलम ३६-ब च्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो. पण महापालिकेच्या शहरात ग्रामपंचायत कुठली? म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या खाडीवर जगणाऱ्यांची खुर्चीच गायब! कांदळवनांचा नाश हा अनुच्छेद २१ खालील नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर घाला आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बजावले आहे. हक्क नागरिकांचा असेल, तर निर्णयाच्या जागी नागरिक का नकोत?

आमच्या मागण्या तीन. भरतीच्या वाटा कायमच्या खुल्या ठेवा आणि त्यांच्या देखभालीची जबाबदारी एका नामनिर्देशित अधिकाऱ्यावर टाका. खाडीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याची तपासणी करून आकडे दर महिन्याला जाहीर करा. समितीत कोळी समाजाला व सखल वस्त्यांना विशेष निमंत्रित म्हणून बसवा.

बाबासाहेबांनी आपल्याला अर्ज करायला आणि तो मंजूर होईपर्यंत लढायला शिकवले. नवी मुंबईतील वाचकांनी आपल्या वस्तीच्या सह्या घेऊन ही मागणी वनविभाग, सिडको आणि महापालिकेकडे लेखी नोंदवावी. पोचपावती घ्यायला मात्र विसरू नये. न्यायालयात उद्या तीच उपयोगी पडते.