निवेदन : स्वतः बांधलेल्या विमान-रेडिओची तपासणी व परवाना

प्रति,
मा. परवाना अधिकारी महोदय यांस,

विषय : घरी बांधलेल्या विमान-रेडिओ संचांसाठी तपासणीची कार्यपद्धती ठरवून मिळणेबाबत.
संदर्भ : आमची यापूर्वीची निवेदने व आपल्या दालनातील बैठक.

महोदय,

आम्ही महाराष्ट्रातील हौशी विमान व रेडिओ बांधणारे सविनय निवेदन करतो की, नियम आपणांस ज्ञात आहेतच. प्रश्न अंमलबजावणीचा आहे.

आमच्या एका सदस्याचा रेडिओ-परवान्याचा अर्ज ‘मेक’ व ‘मॉडेल’ या रकान्यांभोवती लाल पेन्सिलीने गोल करून परत आला. त्या रकान्यांत ‘स्वनिर्मित’ असे लिहिले होते. सोबत सर्किटचा आराखडा व डमी लोडवर घेतलेली मोजमापे जोडली होती. त्यावर एक शेराही नाही. संच कोणी उघडून पाहिला नाही.

118 ते 137 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चूक झाली तर काय होते, हे आम्ही जाणतो. बोलण्याचे बटण अडकले तरी ती फ्रिक्वेन्सी इतर वैमानिकांसाठी बंद पडते. म्हणूनच आम्ही सूट मागत नाही, तपासणी मागतो. फ्रिक्वेन्सी सरकते का, शेजारच्या चॅनेलवर गळती होते का, हार्मोनिक्स किती, हे आपल्याच यंत्रांवर मोजा. नापास झाला तर संच नाकारा; पण मोजून नाकारा.

थोडे वर, 144 मेगाहर्ट्झवर हॅम (हौशी रेडिओ) परवानाधारकाचा स्वनिर्मित संच चालतो. कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेल्या विमानाला 2017 मध्ये नोंदणी मिळाली. घरी बांधलेले विमान तपासता येते, तर रेडिओ का नाही?

बैठकीत ‘महिनाभरात कार्यपद्धती ठरवू’ असे आश्वासन मिळाले. पुढे ‘फाइल वर पाठवली आहे’ असे सांगण्यात आले. आता ‘अधिकारी बदलले, नव्याने अर्ज करा’ असे उत्तर मिळते. महिनाभराचे आश्वासन कार्यालयाचे होते, व्यक्तीचे नव्हे.

मागण्या :
1. स्वनिर्मित संचासाठी तपासणीचे निकष व शुल्क लेखी जाहीर करावे.
2. अर्जात ‘स्वनिर्मित’ असा रकाना असावा.
3. अर्ज नाकारल्यास तांत्रिक कारण लेखी द्यावे.
4. रेडिओ ऑपरेटर परीक्षेच्या तारखा आगाऊ कळवाव्यात.

तोंडी आश्वासने पुरे झाली. पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. अन्यथा नाइलाजास्तव माहितीच्या अधिकारात आमच्या फाइलीवरील प्रत्येक शेऱ्याची प्रत मागावी लागेल.

कळावे,
आपले विश्वासू,
हौशी विमान व रेडिओ बांधणारे नागरिक
(सोबत : सह्यांची यादी, परत आलेल्या अर्जाची प्रत)