खाडीचे घड्याळ

आमच्या अभ्यासिकेतील मुलांनी रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, पहिल्यांदा पाहिला तो मेलेला. 20 मे 2024 च्या रात्री घाटकोपरवरून जाणारा थवा विमानाला धडकला आणि चाळीसच्या आसपास पक्षी वस्तीत कोसळले. सकाळी एक पोरगा गुलाबी पीस घेऊन दारात उभा. "काका, हे पाखरू कुठले हो?"

इथलेच, आम्ही म्हणालो. पण सांगताना संकोच वाटला. जन्म खाडीच्या बाजूला गेला, तरी आम्ही तरी तो जिवंत कुठे पाहिला होता? कार्यालयातील एक मित्र म्हणतात, पक्षी पाहणे हे दुर्बीणवाल्यांचे काम. हे काही आम्हाला पटले नाही. पुढच्या फेब्रुवारीत, एका रविवारी, बारा मुले व तीन माता यांना घेऊन आम्ही ठाण्याहून ऐरोलीची गाडी पकडली.

वाचकहो, ऐरोली पूल ते वाशी पूल या पट्ट्यातील खाडीचा 1,690 हेक्टर भाग शासनाने 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केला. 2022 साली रामसर यादीत त्याचे नाव गेले. ऐरोलीला वनखात्याचे केंद्र आहे, तेथून बोट सुटते. हे सारे आम्ही वाचून गेलो होतो. एक गोष्ट मात्र विचारायची राहिली. दहा वाजता पोहोचलो तर खाडीत पाणीच नाही! नुसता चिखल. बोट दुपारी.

मुलांची तोंडे उतरली. तिथे एक कोळी आजोबा जाळे विणत बसले होते. ते म्हणाले, "मास्तर, तिथी बघून यावं. तिथीची पाऊणपट केली की भरती." त्या दिवशी चतुर्थी. चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमेला बाराच्या आसपास. खाडीत आत थोडा उशीर धरायचा. आम्ही बी.कॉम. झालो, पाऊणकी पाठ केली, पण तिचा हा उपयोग आम्हाला कोणी शिकवला नव्हता.

तीन तास फुकट गेले असे वाटले होते, पण तसे झाले नाही. चिखलात निवट्या उड्या मारत होत्या. एकच नांगी मोठी असलेले खेकडे ती हलवून एकमेकांना जणू बोलावत होते. तिवरांची श्वास घेणारी मुळे खिळ्यांसारखी वर आलेली. मुले डबा खायचे विसरली.

मग पाणी चढले आणि बोट निघाली. वळणावर यंत्र बंद केले. समोर चिखलाच्या कडेला हजारो रोहित! उंच, फिकट तो मोठा रोहित; बुटका, गडद चोचीचा तो छोटा. चोच उलटी धरून पाणी गाळतात. छोटा शेवाळ खातो, मोठा बारीक किडे-कोळंबीही. गुलाबी रंग या खाण्यातूनच येतो. पिल्लू तर राखाडी असते. बोटीत कोणी बोलेना.

परतताना सातवीतली एक मुलगी म्हणाली, "काका, हे शेवाळ कशावर वाढते?" आम्ही खरे ते सांगितले. आपल्या गटारांचे, नाल्यांचे पाणी खाडीत येते, त्यावर शेवाळ पोसते, म्हणून छोटा रोहित इतक्या संख्येने येतो असे अभ्यासक म्हणतात. "मग आपली घाण चांगली?" किनाऱ्यावरच्या आजोबांनी ते ऐकले. "तुमच्या घाणीनं पाखरं आली पोरी, अन् आमची मासळी गेली." मुलगी बराच वेळ त्यांच्या जाळ्याकडे पाहत राहिली.

ज्यांना जायचे असेल त्यांनी नोव्हेंबर ते मे या काळात जावे. बोटीची वेळ आधी विचारावी. तिकीट स्वस्त नाही, चौघांच्या कुटुंबाची एका दिवसाची मजुरी त्यात जाते. आम्ही चार महिने दहा-दहा रुपये गोळा केले आणि उरलेली भर मंडळाने घातली. भडक कपडे नकोत, आरडाओरडा तर नकोच.

अभ्यासिकेच्या फळ्यावर तारखेखाली आता भरतीची वेळही लिहिलेली असते. ती पाऊणकी ती मुलगीच करते. गेल्या आठवड्यात तिचा हिशेब चुकला, तेव्हा दुसरीतल्या तिच्या भावाने तो दुरुस्त केला.