फी मागितली, तर तो प्रयोग नव्हे

सरकारी किंवा खासगी रुग्णालयात मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान झालं, की घरच्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "स्टेम सेलनं नस पुन्हा नीट होते का हो?" पाठीच्या कण्याला मार बसलेल्या तरुणांचे आईवडीलही हेच विचारतात. त्यांना आज द्यायचं उत्तर 'नाही' असंच आहे, आणि ते नीट समजावून द्यायला हवं.

मज्जातंतूंवर मायलिनचं स्निग्ध आवरण असतं. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये ते झिजतं, मग संदेश रेंगाळतो, अडतो. पाय जड होतात, नजर धूसर होते. मेंदूत आणि मज्जारज्जूत हे आवरण ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी घालतात, हातापायांच्या नसांत श्वान पेशी. श्वान पेशी मज्जारज्जूत सोडल्या तर तिथेही मायलिन घालतात, हे विल्यम ब्लेकमोर यांनी १९७७ मध्ये प्राण्यांत दाखवलं. माणसात मात्र घोडं अडलं. २००१ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात रुग्णाच्याच श्वान पेशी त्याच्या मेंदूत सोडल्या. नवं मायलिन तयार झाल्याचा पुरावा मिळाला नाही. जन्मतःच मायलिन न बनणाऱ्या ४ मुलांवरच्या स्टेम सेलच्या प्रयोगात २०१२ मध्ये एमआरआयवर आशादायक खुणा दिसल्या. पण त्या खुणाच, उपचार नव्हे.

दिल्लीच्या इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटरनं मज्जारज्जूला इजा झालेल्या ५ रुग्णांच्या नाकातलं अस्तर काढून मज्जारज्जूत रोपलं. शस्त्रक्रिया बऱ्यापैकी सुरक्षित ठरली, पण तिचा गुण आल्याचं दिसलं नाही, असं त्यांनी २००९ मध्ये स्वतःच छापलं. असे डॉक्टर मला फार मोलाचे वाटतात.

मल्टिपल स्क्लेरोसिसमधल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची गोष्ट वेगळी. त्यानं मायलिनवर तुटून पडणारी प्रतिकारशक्ती आवरली जाते. गेलेलं आवरण विणलं जात नाही. जाहिरातींत हे दोन्ही सर्रास एक केलं जातं, याचा मला संताप येतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारांत स्टेम सेल वापरायच्या तर फक्त मान्यताप्राप्त चाचणीत, आणि चाचणीचा खर्च रुग्णाकडून घ्यायचा नाही. म्हणून शेत विकायला काढण्याआधी सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. तो दिला नाही किंवा लाखांचं अंदाजपत्रक पुढे केलं, तर तिथून उठा. तो पैसा मल्टिपल स्क्लेरोसिसचे झटके रोखणाऱ्या औषधांना आणि फिजिओथेरपीला लावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचं नाव आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज आजच करता येतो.