पोत्यावरचे बावीस टक्के

दापोड्याच्या गोदामांत माल लेबलावर चालतो. पोतं न फोडता बिल्टी बनते आणि गाडी माणकोली नाक्याकडे निघते. कुकरच्या शिट्टीपासून मोबाइलपर्यंत सगळ्याला हे चालतं. कोंबडीच्या खाद्याला ते चालवून घेतलं जातं, आणि त्याची झळ शहापूर-मुरबाडच्या शेडवाल्याला बसते.

पोत्यावर छापलेलं असतं: क्रूड प्रोटीन २२ टक्के. हा आकडा येतो कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये बसवलेल्या पद्धतीतून. नमुन्यातला नायट्रोजन मोजायचा आणि ६.२५ ने गुणायचा. तो सोयापेंडीतला, पिसांतला की कुणी मिसळलेल्या युरियातला, याच्याशी या गणिताला देणंघेणं नाही. पिसांच्या भुकटीत ८० टक्क्यांच्या आसपास प्रथिन भरतं. पण पिसं दाबाखाली नीट शिजवली नाहीत तर त्यातलं फारच थोडं पक्ष्याच्या अंगी लागतं.

कोंबडीला लागतात ती लायसिन, मेथिओनिन, थ्रिओनिन अशी अमिनो आम्लं, आणि तीही लहान आतड्यातून रक्तात उतरणारी. चांगल्या सोयापेंडीतलं लायसिन सुमारे ९० टक्के पचतं. सरकीच्या पेंडीत ते बरंच खाली येतं, कारण गॉसिपॉल लायसिनला धरून ठेवतं. सोयापेंडसुद्धा कच्ची राहिली तर ट्रिप्सिन रोखणारे घटक पचन अडवतात. जास्त भाजली तर लायसिन साखरेशी बांधलं जातं. दोन्ही वेळा प्रथिनाचा आकडा जागचा हलत नाही!

आता मक्याच्या इथेनॉलमागून डीडीजीएस, म्हणजे इथेनॉल काढून उरलेला वाळवलेला चोथा, आलं आहे. स्वस्त म्हणून ते खाद्यात शिरलं आणि सोयापेंडीची मागणी घटली. २०२४ च्या हंगामात लातूरकडे सोयाबीन क्विंटलला ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकलं गेलं, त्यामागच्या कारणांत हेही एक. (२०२१ मध्ये सोयाबीनचा बाजारभाव दहा हजारांवर गेला, तेव्हा पोल्ट्रीसाठी न्हावा-शेवामार्गे जीएम सोयापेंड आणायला परवानगी मिळाली होती. शेतकऱ्याच्या वाट्याला दोन्हीकडून तेच.) डीडीजीएसला मी नावं ठेवणार नाही. पण ड्रायर किती तापला यावर त्यातलं लायसिन ठरतं आणि एकाच नावाच्या दोन गाड्यांत चांगलाच फरक पडतो. माल काळपट आणि जळका वास येणारा असेल तर समजून जावं.

शेडवाला बहुधा पोल्ट्री कंपनीच्या करारावर असतो. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, तूस, वीज आणि रात्रीची जाग त्याची. बॅच उचलली की ग्रोइंग चार्ज, म्हणजे त्याची मजुरी, ठरतो तो एफसीआर (किलोभर वजनाला किती खाद्य लागलं) आणि मर पाहून. लायसिन पचलं नाही तर किलोभर वजनाला खाद्य जास्त लागतं, एफसीआर चढतो आणि पैसे कापले जातात. सुपरवायझर म्हणतो, "दादा, ब्रूडिंग नीट झालं नाही, पिल्लांना ऊब कमी पडली." कधीकधी ते खरंही असतं. पण पडताळायला शेडवाल्याच्या हाती आहे काय? बावीस टक्के. वर अंगी न लागलेला नायट्रोजन विष्ठेतून तुसात उतरतो, त्याचा अमोनिया होतो आणि पहाटे शेडचा पडदा उचलणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

मोठ्या कंपन्यांचे आहारतज्ज्ञ फॉर्म्युला बांधतात तो पचनीय लायसिनवरच. कच्च्या मालाचा अंदाज अवरक्त किरणांनी तपासणारं एनआयआर यंत्र काही मिनिटांत देतं. म्हणजे आकडा खाद्याच्या गिरणीत आहे. तो शेडपर्यंत येत नाही. ज्याची मजुरी एफसीआरवर ठरते, त्याच्या करारपत्रात आणि पोत्यावर पचनीय लायसिन आणि मेथिओनिन-सिस्टिन लिहिलं गेलंच पाहिजे. शिवाय प्रत्येक बॅचच्या खाद्याचा दोघांच्या सहीचा सीलबंद नमुना शेडवाल्याकडे राहावा.

फॉर्म्युला गुपित असतो, असं उत्तर येईल. मका किती, पेंड कुठली, हे कंपनीने खुशाल झाकून ठेवावं; मागतोय ते फक्त पचनीय अमिनो आम्लांचे आकडे. हे आकडे तक्त्यावरून काढलेले, बॅचगणिक मोजलेले नसतात, हा दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे आणि तो बरोबर आहे. पण मग त्याच आकड्यावर बांधलेल्या खाद्याचा एफसीआर दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंत मोजून शेडवाल्याचे पैसे का कापता?