खालची मंडळी, वरची मंडळी



अमेरिकेतल्या मराठी घराचे बेसमेंट एकदा नीट बांधून झाले, की तिथे काय ठेवायचे यावर घरात एक परिषद भरते. तिला पाहुण्यांसाठी खोली हवी असते, मुलांना मोठा टीव्ही, आणि त्याच्या मनात कॉलेजपासून एक हिरवे टेबल असते. बऱ्याच घरांत शेवटी टेबल जिंकते. पहिले सहा महिने रोज खेळ होतो, पुढचे सहा महिने शनिवार-रविवारी, आणि मग त्याच टेबलावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या जातात.

अशा टेबलाला पुन्हा कामाला लावायचा उत्तम उपाय म्हणजे घरच्या घरी पूलची स्पर्धा. त्यासाठी ऋतूही ठरलेला आहे. संक्रांतीचा तिळगूळ संपलेला असतो, पाडवा लांब असतो, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि भारतातून आलेले आईवडील खिडकीतून तो बर्फ पाहून कंटाळलेले. पंधरा-सोळा माणसे बोलवावीत, दुपारभर खेळावे, रात्री पिठलं-भात खावा. कल्पना झकास आहे. पण ती बहुतेक ठिकाणी कशी पार पडते? पुरुष खाली, बायका वर, आजी-आजोबा सोफ्यावर आणि मुले कुठेतरी तिसरीकडे. खालची मंडळी आणि वरची मंडळी यांची भेट जेवणाच्या रांगेत होते, तेवढीच. हे कुणी ठरवून करत नाही. माझे म्हणणे असे, की बराचसा दोष स्पर्धेच्या आखणीचा आहे, आणि आखणी बदलणे यजमानाच्या हातात आहे.

आधी खेळाबद्दल थोडे. आपल्या वडीलधाऱ्यांना हा खेळ वाया गेलेल्या मुलांचा वाटतो, त्याला कारण आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावायच्या अड्ड्यांना ‘पूलरूम’ म्हणत. सगळ्यांनी मिळून पैसे टाकायचे तो ‘पूल’. दोन शर्यतींच्या मध्ये गिऱ्हाइकांचा वेळ जावा म्हणून मालकांनी तिथे बिलियर्ड्सची टेबले टाकली. अड्ड्याचे नाव खेळाला चिकटले आणि बदनामीही. पण ह्या खेळाच्या घराण्याशी आपले नाते जुने आहे. स्नूकर जन्मला तोच जबलपूरला, १८७५ साली, लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. तो काढणारा नेव्हिल चेंबरलेन हा एक तरुण अधिकारी होता; पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला तो वेगळा. आणि पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्याला हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, १९६४ साली पुन्हा झाले. पाठोपाठ मुंबईच्या मायकेल फरेरांनी तेच अजिंक्यपद १९७७, १९८१ आणि १९८३ असे तीनदा मिळवले. तेव्हा सोफ्यावरच्या आजोबांना ही नावे सांगा. विल्सन जोन्स म्हटल्यावर ते नक्की उठून बसतील.

आता जागेचा हिशोब. घरगुती टेबल बहुधा आठ फुटी असते. त्याचा खेळायचा भाग ८८ इंच लांब व ४४ इंच रुंद. क्यू साधारण ५८ इंचांचा. म्हणजे चारी बाजूंनी क्यू मोकळा फिरायला १७ फूट लांब आणि साडेतेरा फूट रुंद जागा हवी. बेसमेंटचा खांब नेमका आडवा येतोच. तिथे भांडू नये, ४८ इंची आखूड क्यू घेऊन ठेवावा. टेबलाच्या आत पाटीच्या दगडाचे, बहुधा तीन तुकड्यांचे, जड पाट असतात. घराबरोबर तेही हळूहळू खाली बसतात. आदल्या दिवशी गवंड्याची पाणसळ लावून पाहावी, किंवा एक बॉल अगदी हळू सोडून बघावा. तो शेवटी वळला, तर टेबल कलले आहे असे समजावे. नाहीतर हरणारा प्रत्येक जण टेबलालाच दोष देणार, आणि तो खराही असणार!

आता मुख्य गोष्ट, आखणी. सोळा माणसे असली की कोणीतरी कागदावर बाद पद्धतीचा तक्ता काढतो. हरला की बाहेर. हिशोब सोपा असतो: प्रत्येक सामन्यात एक जण बाद होतो, शेवटी एकच उरायचा, म्हणजे सोळा जणांना पंधरा सामने. पण जरा हरणाऱ्याच्या जागी उभे राहून बघा. सोळापैकी आठ जण एक-एक डाव खेळून मोकळे! त्यात नुकताच नोकरीला लागलेला, कुणालाच न ओळखणारा एखादा मुलगा असतो. चाळीस मैल बर्फातून गाडी हाकत तो आलेला असतो, दहा मिनिटांत हरतो आणि भिंतीला टेकून दुसऱ्यांचा खेळ बघत उभा राहतो. पुढच्या वेळी फोन केला की म्हणतो, “काका, ह्या वीकएंडला जरा काम आहे.” खेळात तरबेज असलेल्यांनाच जास्त खेळायला मिळते आणि ज्यांना सरावाची गरज, ते बाहेर. मैत्रीच्या स्पर्धेत हे उफराटेच म्हणायचे.

त्याऐवजी असे करावे. सोळा जणांच्या आठ जोड्या लावाव्यात. चार-चार जोड्यांचे दोन गट करावेत. गटात प्रत्येक जोडीने बाकी तिन्ही जोड्यांशी एक-एक डाव खेळायचा. एका गटाचे सहा डाव, दोन्ही गटांचे मिळून बारा. मग पहिल्या दोन-दोन जोड्यांचे उपांत्य सामने दोन आणि अंतिम एक. एकूण किती झाले? पुन्हा पंधराच! टेबल तेच, वेळ तेवढाच, पण आता प्रत्येक माणूस निदान तीन डाव खेळतो. पंधरा मिनिटांचा डाव आणि पाच मिनिटे मांडामांड धरली, तर अंतिम सामन्यापूर्वीच्या चौदा डावांना चार तास चाळीस मिनिटे लागतात. दीड वाजता सुरू केले तर सव्वासहाच्या आत उपांत्य सामने उरकतात. अंतिम सामना जेवणानंतर, सगळ्यांच्या साक्षीने. पंधरा मिनिटांत डाव संपला नाही, तर ज्या जोडीचे कमी बॉल उरले ती जिंकली. बरोबरी असेल तर आळीपाळीने मारून काळा जो आधी पाडील तो विजयी.

जोड्या लावायच्या त्या चिठ्ठ्या टाकून, पण दोन डब्यांतून. एका डब्यात ज्यांना खेळता येते त्यांची नावे, दुसऱ्यात ज्यांनी क्यू कधी हातात धरला नाही त्यांची. प्रत्येक डब्यातून एक चिठ्ठी. नवरा-बायकोची जोडी निघाली तर चिठ्ठी परत टाकावी. रात्री त्यांना एकाच गाडीतून घरी जायचे असते. आणि नियम स्कॉच डबल्सचा, म्हणजे जोडीदारांनी एकाआड एक फटका मारायचा. हा नियम फार शहाणा आहे. नुसत्या जोड्या केल्या आणि प्रत्येकाला आपली पाळी पूर्ण खेळू दिली, तर तरबेज माणूस एकटाच सगळे बॉल पाडून मोकळा होतो. एकाआड एक मारायचे म्हटले की त्याच्या प्रत्येक फटक्यानंतर पाळी शेजारच्या मावशींची. मग त्याला फक्त आपला बॉल पाडून भागत नाही. पांढरा बॉल अशा जागी नेऊन ठेवावा लागतो, की तिथून मावशींना सोपा फटका मिळेल. स्वतःला सोयीचे करून घेणारे पुष्कळ असतात. दुसऱ्याला सोयीचे करून देणे हे वरच्या दर्जाचे कसब आहे. चार वर्षे बेसमेंटमध्ये एकट्याने सराव केलेल्या माणसाची खरी परीक्षा इथे होते.

सल्ला एका वाक्यात द्यावा, आणि जोडीदाराच्या क्यूला हात लावू नये. आजोबांना तर फारसे शिकवावेच लागत नाही. कॅरमवर कट आणि रिबाउंड मारत आयुष्य गेलेल्या माणसाला कोन कळतो, फक्त हातात काठी नवीन असते. मात्र सवयीने त्यांनी पावडर मागितली तर नम्रपणे नाही म्हणावे; इथे कापड आहे, लाकूड नाही. आणि बायकांचा हा खेळ नव्हे असे कुणी म्हणालेच, तर जीन बालुकस हे नाव सांगावे. १९७२ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, तिने महिलांची यू. एस. ओपन जिंकली आणि १९७८ पर्यंत सलग सात वर्षे ती कुणाला दिली नाही.

पण वरच्या मंडळींनी खाली यायचे तर वरचे काम कुणीतरी करायला हवे. नुसते “वहिनी, तुम्हीपण या ना खेळायला” म्हणून जिन्यावरून हाक मारणे हे आमंत्रण नव्हे. वेळापत्रकात ज्यांचा डाव चालू नाही, त्यांच्यापैकी दोघांची नावे स्वयंपाकघरासमोर लिहून टाकावीत, जशी पंचांची लिहितो तशी. “वहिनी, तुमचा डाव आहे, कुकरच्या शिट्ट्या मी मोजतो” हे वाक्य एकदा ऐकू आले की पुढचे सगळे सुरळीत होते. जेवण एक-दोन पदार्थांचे ठेवावे. एका वेळी चारच जण खेळतात, बारा रिकामे असतात, म्हणून कोपऱ्यात कॅरम बोर्ड आणि पत्त्यांचे दोन जोड हवेतच.

नियम लिहून भिंतीवर लावावेत, कारण प्रत्येकाच्या कॉलेजचे नियम वेगळे असतात. आठ नंबरचा काळा बॉल मांडणीच्या मधोमध, मागच्या दोन कोपऱ्यांत एक भरीव रंगाचा व एक पट्ट्याचा. भरीव १ ते ७, पट्ट्याचे ९ ते १५. आपले सात पडल्यावर काळा, आणि तो कोणत्या पॉकेटमध्ये जाणार हे आधी सांगून. पांढरा पॉकेटमध्ये गेला तर समोरच्याने तो हवा तिथे ठेवून खेळायचे. काळ्याबरोबर पांढराही पडला तर डाव गेला. शंका आली तर पंच म्हणून उभी असलेली जोडी सांगेल ते अखेरचे. पंच म्हणून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना नेमावे. मोठ्यांना फाऊल देण्याची संधी मिळत असेल, तर ती मुले आपल्या खोलीतून आपण होऊन बाहेर येतात.

किरकोळ पण महत्त्वाचे: टेबलाच्या कडेवर कप, ग्लास किंवा चिवड्याची वाटी ठेवू नये. चहा सांडलाच तर कापड घासू नये, कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. निळा खडू क्यूच्या टोकाला असतो तोवर ठीक, रेशमी साडीला लागला की घरभर चर्चा. लहान मुलांनी टेबलावर चढू नये. एकेक बॉल दीडशे ग्रॅमच्या वरचा असतो, पायावर पडला की कळते.

पैजा लावू नयेत, मूळच्या पूलरूमची आठवण तेवढी पुरे. बक्षीस खायचे असावे, म्हणजे जिंकलेल्या जोडीला ते तिथेच सगळ्यांना वाटावे लागते. लाडवांचा डबा उत्तम.

अशी स्पर्धा चांगली झाली की नाही, हे कोण जिंकले यावरून कळत नाही. शेवटच्या क्रमांकाची जोडी रात्री कोट घालताना काय बोलते, ते ऐकावे. “पुढची कधी आहे?” असे त्यांनी विचारले, तर टेबलाचे पैसे वसूल झाले असे समजावे. आणि कपड्यांच्या घड्या? त्या दुसऱ्या दिवशीपासून पलंगावर घालाव्यात.

तर मंडळी, बर्फ वितळण्याआधी एखादा शनिवार धरा. पुन्हा भेटू, पुढच्या अंकात.