‘कार्यक्षम’ प्रशासक — पण कोणासाठी?

3 मे 2021 रोजी जगमोहन यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या कार्यक्षमतेचे गोडवे गाण्यात आले. दिल्लीला शिस्त लावणारा, हाती घेतलेले काम तडीस नेणारा प्रशासक अशी त्यांची ख्याती होती. ती सर्वस्वी खोटी नाही. प्रश्न एवढाच आहे की, ही कार्यक्षमता कोणाच्या कामी आली, आणि तिची किंमत कोणी मोजली?

आणीबाणीत जगमोहन दिल्ली विकास प्राधिकरणाचे उपाध्यक्ष होते. 1957 च्या कायद्याने स्थापन झालेले हे प्राधिकरण केंद्राच्या हाताखालचे. राजधानीची जमीन त्याच्या ताब्यात, पण दिल्लीच्या मतदाराला त्याला जाब विचारण्याची सोय नाही. एप्रिल 1976 मध्ये तुर्कमान गेटच्या वस्तीवर बुलडोझर चालले. 19 एप्रिल रोजी, घरे वाचविण्यासाठी उभ्या ठाकलेल्या जनतेवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आणीबाणीच्या काळात राजधानीत सुमारे दीड लाख बांधकामे पाडण्यात आली. लाखो कष्टकऱ्यांना त्रिलोकपुरी, मंगोलपुरी, सुलतानपुरी अशा दूरच्या वसाहतींत, पंचवीस चौरस गजांच्या तुकड्यांवर नेऊन टाकण्यात आले. जे हात शहर बांधतात आणि झाडतात, त्यांनाच शहराबाहेर काढणे, हेच का ते सौंदर्यीकरण?

शहा आयोगाने जगमोहन यांच्यावर कठोर ताशेरे ओढले. मग त्यांना शिक्षा झाली काय? छे! 1980 मध्ये इंदिरा गांधी सत्तेवर परतताच त्यांना दिल्लीचे उपराज्यपालपद मिळाले. 1984 मध्ये ते काश्मीरचे राज्यपाल झाले, आणि 2 जुलै रोजी त्यांनी फारूख अब्दुल्ला यांचे निर्वाचित सरकार बडतर्फ केले. बहुमताचा निर्णय विधानसभेत व्हावयास हवा होता. तो राजभवनात झाला. पुढे हेच गृहस्थ भारतीय जनता पक्षात गेले, 1996 मध्ये नवी दिल्लीतून लोकसभेवर निवडून आले, आणि वाजपेयी मंत्रिमंडळात नगरविकासमंत्री झाले. 2016 मध्ये त्यांना पद्मविभूषण देण्यात आले.

टीकाकार याला संधिसाधूपणा म्हणतील. परंतु ते निदान वरवरचे आहे. जगमोहन बदलले नाहीत. बदलण्याची त्यांना गरजच पडली नाही. आणीबाणी लादणाऱ्यांना ते हवे होते, आणि आणीबाणीचे बळी म्हणून मिरवणाऱ्यांनाही ते तितकेच हवे होते. गरिबाच्या डोक्यावरील छप्पर ‘अतिक्रमण’ ठरवणे आणि लोकप्रतिनिधींना दुय्यम लेखणे, या दोन बाबतींत या पक्षांचे एकमत होते. व्यक्ती हे निमित्त, धोरण वर्गाचे!

म्हणूनच ही कारकीर्द माणसाबरोबर संपली नाही. 20 एप्रिल 2022 रोजी जहांगीरपुरीत बुलडोझर आले. सत्तरच्या दशकात उठवलेल्या झोपडीवासीयांना जेथे वसविले, तीच ही वसाहत. सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिल्यानंतरही पाडापाडी चालूच होती. आदेशाची प्रत हाती घेऊन वृंदा करात बुलडोझरपुढे उभ्या राहिल्या, तेव्हा ती थांबली. 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालात न्यायालयाने बजावले की, पूर्वसूचनेशिवाय घर पाडता येणार नाही.

हा निकाल मोलाचा आहे. परंतु कागदावरचा आदेश बुलडोझर आपणहून थांबवीत नाही, हे जहांगीरपुरीने दाखविले. तो अंमलात आणावयाचा तर वस्तीवस्तीत संघटित जनता उभी हवी. प्रशासकाची थोरवी पाडलेल्या भिंतींवरून नव्हे, तर निवारा मिळालेल्या कुटुंबांवरून मोजली जाईल, असे राज्य त्याखेरीज येणार नाही.